साबर बोंडं (चित्रपट)

साबर बोंडं हा २०२५ सालचा मराठी चित्रपट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन रोहन परशुराम कानवडे यांनी केले असून हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट आहे. वडिलांच्या निधनानंतर सुतकाचे दहा दिवस पाळण्यासाठी मूळ गावी आलेला मुंबईतील आनंद आणि गावातच शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यात उमलत जाणाऱ्या प्रेमाची ही कथा आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला जागतिक कथापट विभागातील ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला भारतीय कथापट होय.

== शीर्षक ==

फड्या निवडुंगाला ग्रामीण महाराष्ट्रात ‘साबर’ आणि त्याच्या लालसर फळांना ‘बोंडं’ म्हणतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असली, तरी दुष्काळी भागातील माळरानांवर आणि शेतांच्या बांधांवर ती पूर्णपणे रुळली आहे. फळाच्या सालीवर केसांसारख्या बारीक काट्यांचे झुबके असतात. ते बोटांत व जिभेत सहज रुततात, दिसत मात्र नाहीत. त्यामुळे काटे नीट काढल्याखेरीज फळ खाता येत नाही. आतला गर मात्र रसाळ, गोड आणि गडद रंगाचा असतो. चित्रपटात बाळ्या ही फळे आनंदसाठी आणतो. लहानपणी दोघांनी मिळून खाल्लेले हे फळ त्यांच्या नात्याची खूण ठरते.

== कथानक ==

आनंद हा तिशीतील तरुण मुंबईत आईवडिलांसोबत राहतो आणि कॉल सेंटरमध्ये नोकरी करतो. वडिलांचे निधन झाल्यावर तो आई सुमनसह अंत्यविधीसाठी गावी येतो. तेथे अनवाणी राहण्यापासून खाण्यापिण्यापर्यंतचे सुतकाचे अनेक नियम त्याला पाळावे लागतात. घरात सतत नातेवाइकांची वर्दळ असते. सांत्वनाच्या बोलण्यातूनच त्याच्या लग्नाचा विषय पुन्हा पुन्हा निघतो.

आनंद समलिंगी आहे, हे त्याच्या आईवडिलांना ठाऊक असते आणि त्यांनी ते स्वीकारलेलेही असते. एका मुलीने फसवल्यामुळे तो लग्नाला तयार नाही, असे सांगून आई नातेवाइकांची तोंडे बंद करते. वडिलांच्या जाण्याने घरातील एक आधार तुटलेला असतो. ज्याच्यावर त्याचे पूर्वी प्रेम होते, त्या पुरुषाने लग्न करून त्याला सोडल्याची जखमही ताजी असते.

याच दिवसांत त्याची बाळ्याशी पुन्हा गाठ पडते. शेती करणारा, शेळ्या चारणारा बाळ्याही अविवाहित असून घरच्यांच्या दडपणाखाली आहे. रानात, झाडाखाली, पाण्याच्या काठी दोघांच्या भेटी होऊ लागतात. आनंद आपले दुःख त्याच्यापुढे मोकळे करतो, तर आपल्याला जसे आहोत तसे ओळखणारे कोणी भेटल्याचा दिलासा बाळ्याला मिळतो. दहा दिवस सरत आल्यावर या नात्याचे पुढे काय, हा प्रश्न दोघांपुढे उभा राहतो.

== कलाकार ==

* भूषण मनोज – आनंद
* सूरज सुमन – बाळ्या
* जयश्री जगताप – सुमन, आनंदची आई

== निर्मिती ==

कानवडे मुंबईतील झोपडवस्तीत एका खोलीच्या घरात वाढले. त्यांचे वडील वाहनचालक होते. अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेतलेल्या कानवडे यांनी चित्रपटनिर्मितीचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. ‘साबर बोंडं’पूर्वी त्यांनी लघुपट केले. त्यांपैकी ‘उ उषाचा’ (२०१९) हा लघुपट शेतमजुरी करणाऱ्या एका निरक्षर स्त्रीला शाळेतील शिक्षिकेविषयी वाटणाऱ्या ओढीवर आधारलेला आहे.

चित्रपटाची कल्पना दिग्दर्शकाच्या स्वतःच्या अनुभवातून आली. २०१६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते गावी असताना नातेवाइकांनी त्यांच्यामागे लग्नाचा लकडा लावला. त्या घुसमटीच्या दिवसांत गावात आपला एखादा जवळचा मित्र असता तर, या विचारातून बाळ्याचे पात्र आकाराला आले. आनंदच्या आईवडिलांचा समंजसपणाही दिग्दर्शकाच्या घरातील अनुभवाशी जुळणारा आहे. चित्रीकरण अहिल्यानगर जिल्ह्यात, दिग्दर्शकाच्या आईच्या गावी झाले.

विकास अर्स यांनी छायालेखन केले असून अनादी आठले यांनी संकलन केले आहे. नीरज चुरी हे प्रमुख निर्माते असून अभिनेते जिम सर्भ यांचाही निर्मितीत सहभाग आहे. भारतातील प्रदर्शनाच्या वेळी नागराज मंजुळे, सई ताम्हणकर, निखिल अडवाणी आणि विक्रमादित्य मोटवाने हे कार्यकारी निर्माते म्हणून चित्रपटाशी जोडले गेले.

== शैली ==

चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. पाखरांचे आवाज, वारा, घरातील बायकांची कुजबूज आणि दोन वाक्यांमधली शांतता यांतूनच त्याचा ध्वनिपट उभा राहतो. बहुतेक दृश्ये स्थिर कॅमेऱ्याने, दीर्घ काळ न तोडता टिपलेली आहेत. संवाद थोडे आणि रोजच्या ग्रामीण बोलीतले आहेत. दोन पुरुषांमधील शारीरिक जवळीक खळबळजनक न करता, घरगुती मायेच्या इतर क्षणांच्या बरोबरीने दाखवली आहे.

== सामाजिक पार्श्वभूमी ==

घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न उरकावे, नाहीतर पुढे काही वर्षे थांबावे, असा समज महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. त्यामुळे सुतकाच्या घरातच उपवर मुलामुलींच्या लग्नाची चर्चा सुरू होणे सर्वसामान्य आहे. जो विधी शोक करण्यासाठी आहे, त्यातच शोक करणाऱ्याला एकांत मिळत नाही, या विसंगतीवर कथेचा ताण उभा आहे. लग्न टाळणाऱ्या पुरुषावर येथे उघड हिंसा होत नाही. मायेने केलेली चौकशी, सल्ले आणि सुचवलेली स्थळे यांतूनच दडपण वाढत जाते.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली समलैंगिक संबंध हा गुन्हा ठरत असे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना या कलमातून वगळले, मात्र २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास मात्र याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. आनंद व बाळ्यासारख्या जोडप्याला त्यामुळे शिक्षेचे भय उरलेले नसले, तरी त्यांच्या नात्याला कायद्यात नाव नाही.

मराठी साहित्य व रंगभूमीला हा विषय नवा नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’, चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’, बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ या कलाकृतींत समलिंगी आकर्षण मध्यवर्ती आहे. चित्रपटांत अमोल पालेकर यांच्या ‘थांग’मध्ये (२००६) एका विवाहित पुरुषाच्या अशा नात्याचा त्याच्या कुटुंबावर होणारा परिणाम आला होता. या परंपरेत ‘साबर बोंडं’चे वेगळेपण असे, की त्यातील प्रेम शिवारात, शेतकरी कुटुंबांच्या मध्यात घडते. ते कोणाच्या संसाराची शोकांतिका ठरत नाही, तर शोकातून सावरण्याची वाट बनते.

== प्रदर्शन व पुरस्कार ==

जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. त्यानंतर तो अनेक आंतरराष्ट्रीय महोत्सवांत दाखवण्यात आला. भारतात तो १९ सप्टेंबर २०२५ रोजी चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. राणा दग्गुबाती यांच्या स्पिरिट मीडिया या संस्थेने त्याचे वितरण केले. संयत दिग्दर्शन, दोन्ही नायकांचा सहज अभिनय आणि आई-मुलाच्या नात्याचे हळुवार चित्रण यांची समीक्षकांनी विशेष दखल घेतली.