गृहसंगणकांचा सॉफ्टवेअर-बाजार, ब्रिटनमधील

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये स्वस्त गृहसंगणकांसाठी कॅसेटवर खेळ विकणाऱ्या कंपन्यांमध्ये झालेली चढाओढ. तिला जोर आला तो सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रममुळे. २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेल्या या संगणकाची किंमत १६ किलोबाइट स्मृतीसह १२५ पौंड, तर ४८ किलोबाइटसह १७५ पौंड होती. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा, प्रोग्रॅम घरच्याच टेपरेकॉर्डरवरून भरायचा. खेळ सुरू व्हायला काही मिनिटे लागत आणि तेवढा वेळ टीव्हीच्या कडांवर रंगीत पट्टे धावत राहत.

एका कंपनीच्या संगणकाची कॅसेट दुसऱ्यावर चालत नसे. त्यामुळे ज्याचे ग्राहक जास्त त्याच्यासाठी खेळ आधी निघत, आणि खेळ जास्त म्हणून नवे ग्राहकही तिकडेच वळत. ज्युपिटर एस अवघ्या ८९.९५ पौंडांना मिळे, पण त्यात बेसिकऐवजी फोर्थ भाषा होती आणि खेळ मोजकेच. तो फार काळ टिकला नाही. कमोडोर ६४ आवाजात आणि हलत्या चित्रांत निश्चितच सरस होता, मात्र सुरुवातीला बराच महाग. १९८४ मध्ये आलेल्या अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी ४६४ मध्ये स्पेक्ट्रमसारखाच झेड८० प्रक्रियक असल्याने अनेक प्रकाशकांनी स्पेक्ट्रमचेच खेळ जुजबी बदल करून त्यावर उतरवले, आणि त्याच्या चांगल्या रंगांचे चीज झाले नाही.

खेळाची किंमत आरंभी साधारण पाच ते आठ पौंड असे. ‘जेटपॅक’ (१९८३) ५.५० पौंडांना, तर मॅथ्यू स्मिथ यांचा ‘मॅनिक मायनर’ (१९८३) ५.९५ पौंडांना मिळे. खिशातल्या पैशांवर खेळणाऱ्या शाळकरी मुलांना हे परवडणारे नव्हते. प्रकाशकांचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे कोरी कॅसेट आणि दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर. नक्कल रोखण्यासाठी ‘जेट सेट विली’ (१९८४) सोबत रंगांच्या चौकटींचे सांकेतिक कार्ड दिले जाई. पुढे पडद्यासमोर धरून अक्षरे वाचण्याचे लेन्सलॉक नावाचे प्लास्टिकचे भिंगही आले. ते प्रत्येक टीव्हीवर नीट जुळत नसे, म्हणून त्याचा जाच पैसे मोजून खेळ घेणाऱ्यालाच झाला.

यापेक्षा योग्य उत्तर मास्टरट्रॉनिकने (स्थापना १९८३) शोधले : १.९९ पौंड ही किंमत. संगणकाच्या दुकानांवर विसंबून न राहता कंपनीने वर्तमानपत्रांच्या दुकानांत आणि पेट्रोलपंपांवरही कॅसेटी ठेवल्या. एका कॅसेटमागे नफा थोडा, पण खप मोठा, हे त्यामागचे गणित. एवढ्या कमी किमतीत नक्कल करण्याचा खटाटोप कोण करणार? ब्रिटिश टेलिकॉमच्या फायरबर्डनेही स्वस्त मालिका काढली. मास्टरट्रॉनिकसाठी खेळ लिहिणारे रिचर्ड व डेव्हिड डार्लिंग हे बंधू १९८६ मध्ये कोडमास्टर्स ही स्वतःची कंपनी घेऊन उतरले. पुढच्याच वर्षी या कंपनीने ऑलिव्हर जुळ्या भावांचा ‘डिझी’ प्रकाशित केला. त्यातले चालतेबोलते अंडे मुलांनी डोक्यावर घेतले.

स्वस्त खेळांत टाकाऊ माल बराच होता. पण घरी बसून यंत्रभाषा शिकलेल्या कोवळ्या वयाच्या मुलांना आपला पहिला खेळ छापून आलेला पाहता आला तो याच कप्प्यात, आणि या बाजाराचे हे देणे फार मोठे आहे.

बड्या प्रकाशकांनी नंतर हाच मार्ग धरला. ओशनने ‘हिट स्क्वॉड’ आणि यूएस गोल्डने ‘किक्स’ या नावांनी आपले गाजलेले जुने खेळ कमी किमतीत पुन्हा आणले. दोन-तीन पौंडांत नावाजलेला खेळ मिळू लागल्यावर अनोळखी नव्या खेळासाठी फळीवर जागा उरेना. त्यातच संगणक-मासिके मुखपृष्ठाला चिकटवलेल्या कॅसेटवर संपूर्ण खेळ फुकट देऊ लागली. १९८६ मध्ये सिंक्लेअरची संगणक-उत्पादने विकत घेतलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९२ मध्ये स्पेक्ट्रमचे उत्पादन थांबवले; तोवर कोडमास्टर्सही कार्ट्रिजवर चालणाऱ्या जपानी खेळयंत्रांकडे वळली होती.