सीमेपलीकडची पत: हुंडीपासून कार्डापर्यंत

१/ ऑगस्ट १९१४. युरोपातील हॉटेले सुट्टीवर आलेल्या सुखवस्तू अमेरिकन प्रवाशांनी भरलेली होती. न्यूयॉर्कच्या नामांकित बँकांची पतपत्रे त्यांच्या खिशात होती. तरीही पहिल्या आठवड्यात त्यांच्यापैकी अनेकांना हॉटेलचे बिल भागवता येईना. पैसा होता, तो चालत नव्हता.

२/ आज परदेशातील तिकीट खिडकीवर भारतीय कार्ड नाकारले जाते, तेव्हा पुष्कळदा हेच घडत असते. खात्यात पुरेशी शिल्लक असते, कार्डाची मुदत संपलेली नसते, तरी व्यवहार होत नाही. या अडचणीचा इतिहास प्लास्टिकच्या कार्डापेक्षा कितीतरी जुना आहे.

३/ परक्या गावी कागद दाखवून पैसे मागणाऱ्यापुढे नेहमी तीन प्रश्न उभे राहतात. हा माणूस तोच कशावरून? हा कागद अस्सल कशावरून? आणि दूरच्या शहरातील तिसरा कोणी हे पैसे नक्की चुकते करील, हे कशावरून? तिन्ही उत्तरे जुळली तरच पैसा सीमा ओलांडतो. एक जरी अडले, तरी प्रवासी अडकतो.

४/ भारतात यावरचे जुने उत्तर म्हणजे हुंडी. पेशवाईच्या काळात पुण्याहून काशीला निघालेल्या यात्रेकरूने रुपयांची थैली बाळगणे म्हणजे लुटारूंना आमंत्रणच. म्हणून पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरायची, हुंडी घ्यायची आणि काशीच्या पेढीवर ती दाखवून पैसे उचलायचे. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी. ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती.

५/ हुंडीच्या मजकुरातच सुरक्षेची युक्ती होती. रकमेसोबत तिची निम्मी रक्कमही लिहीत आणि तिची दुप्पट पुरी द्यावी, असे बजावत. त्यामुळे एखादे शून्य वाढवून फसवणे सोपे राहत नसे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत काढत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. हरवलेल्या कार्डाच्या बदल्यात नवे कार्ड देण्याची ही जुनी रीत.

६/ तरीही अडचणी होत्याच. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात प्रतिष्ठा असलेल्या माणसालाच मिळत. अनोळखी प्रवाशाला आधी ओळख देणारा शोधावा लागे. शिवाय अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये चलनात असल्याने बट्टा बसे आणि वर हुंडणावळ द्यावी लागे. आज परदेशातील खर्चावर बँका जे अधिक शुल्क लावतात, ते हुंडणावळीचेच नवे रूप आहे.

७/ युरोपात श्रीमंत घरांतील तरुण शिक्षणाचा भाग म्हणून फ्रान्स आणि इटलीचा दीर्घ प्रवास करीत. त्यांच्याजवळच्या पतपत्रावर ठरावीक पेढ्यांतच पैसे मिळत. १७७२ मध्ये लंडनचे बँकर रॉबर्ट हेरीस यांनी अनेक शहरांत वटवता येतील अशा ‘फिरत्या नोटा’ काढल्या. पुढे १८७४ मध्ये थॉमस कुक यांच्या प्रवासी कंपनीनेही आपल्या ग्राहकांसाठी तशा नोटा सुरू केल्या.

८/ या नोटांबरोबर एक ओळखपत्र मिळे. त्यावर प्रवाशाच्या सहीचा नमुना असे. नोट आणि ओळखपत्र कधीही एकाच जागी ठेवू नये, अशी सूचना असे. दोन्ही चोराच्या हाती लागली तर सगळेच संपले. कार्डावर पिन लिहून ठेवू नका, हा आजच्या बँकांचा उपदेश इतका जुना आहे.

९/ ही व्यवस्था मोठ्या शहरांपुरतीच होती. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा आडवाटेच्या गावांत त्यांच्या पतपत्राला कोणी विचारले नाही. परत येताच त्यांनी कंपनीतील मार्सेलस बेरी यांच्यावर उपाय शोधण्याचे काम सोपवले. १८९१ मध्ये प्रवासी धनादेश, म्हणजेच ट्रॅव्हलर्स चेक, अवतरला.

१०/ बेरी यांची कल्पना अगदी साधी होती. चेक विकत घेताना एक सही आणि वटवताना, समोरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत, दुसरी सही. दोन्ही जुळल्या की ओळख पटली. वेगळे ओळखपत्र नको, प्रतिष्ठित साक्षीदार नको. चेकवर परकीय चलनांतील किंमतही छापलेली असे. पहिला प्रश्न असा सुटला. तिसरा मात्र तसाच राहिला होता, आणि त्याची परीक्षा २३ वर्षांनी झाली.

११/ जुलै १९१४ च्या अखेरीस युद्धाचे ढग दाटले. ३१ जुलैला लंडन आणि न्यूयॉर्क, दोन्ही ठिकाणचे शेअर बाजार बंद झाले. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले. ब्रिटनमधील बँका ऑगस्टच्या सुट्टीला जोडून आणखी तीन दिवस बंद ठेवण्यात आल्या आणि ७ तारखेला उघडल्या. लोकांनी नाणी दडवून ठेवली. हॉटेलवाले रोख मागू लागले.

१२/ पतपत्रे खोटी नव्हती, प्रवासीही तोतये नव्हते. मात्र न्यूयॉर्कची बँक लंडनच्या बँकेला हे पैसे कधी आणि कसे देणार, याची शाश्वती उरली नव्हती. समुद्रमार्ग धोक्यात आले होते, हुंड्यांचा बाजार कोलमडला होता. ज्या तिसऱ्या माणसाच्या भरवशावर सारा व्यवहार उभा होता, त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाटच तुटली होती. एक लाखाहून अधिक अमेरिकन युरोपात अडकल्याचा अंदाज होता.

१३/ लंडनमध्ये त्या वेळी हर्बर्ट हूव्हर नावाचे अमेरिकन खाण अभियंता राहत होते. सॅव्हॉय हॉटेलात मदत समितीचे काम सुरू झाले. हूव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःजवळची रोकड एकत्र केली आणि अनोळखी देशबांधवांना केवळ त्यांच्या शब्दावर उसने पैसे दिले. त्यातील जवळजवळ सर्व रक्कम पुढे परत आली. हेच हूव्हर १९२९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

१४/ ६ ऑगस्टला ‘टेनेसी’ ही अमेरिकन युद्धनौका लक्षावधी डॉलरचे सोने घेऊन न्यूयॉर्कहून निघाली. कागदाची पत संपल्यावर अखेर धातूच समुद्रापार न्यावा लागला. अमेरिकन एक्सप्रेसच्या युरोपातील कचेऱ्यांनी मात्र आपले चेक वटवणे चालू ठेवले. चेक देणारी आणि पैसे चुकते करणारी संस्था एकच असल्याने तेथे तिसऱ्या प्रश्नाला उत्तर होते.

१५/ दुसऱ्या महायुद्धानंतर कार्डांचे युग आले. १९५० मध्ये डायनर्स क्लब, १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेचे कार्ड. त्यातूनच पुढे ‘व्हिसा’ घडले. आरंभी दुकानदार मोठ्या रकमेसाठी फोन करून परवानगी घेई. १९७३ मध्ये या कार्डसंस्थेने संगणकीय मंजुरीची यंत्रणा उभारली. हुंडीवाल्या पेढीची खतावणी आता तारेतून बोलू लागली.

१६/ त्यानंतर प्रत्येक व्यवहार म्हणजे काही सेकंदांतील जागतिक फेरी झाली. दुकानाचे यंत्र, दुकानदाराची बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डचे जाळे, प्रवाशाची मायदेशातील बँक आणि त्याच वाटेने परत. या साखळीतील कोणतीही कडी ‘नाही’ म्हणू शकते. पुण्याचे कार्ड अचानक प्रागमध्ये दिसले, तर चोरीचा संशय येऊन बँक व्यवहार रोखू शकते.

१७/ दुसरा प्रश्न कागदाच्या अस्सलपणाचा. चुंबकीय पट्टीची नक्कल करणे सोपे होते. फ्रान्सच्या रोलां मोरेनो यांनी १९७४ मध्ये चिपच्या कार्डाचे पेटंट घेतले आणि १९९२ पर्यंत फ्रेंच बँकांची कार्डे चिपवर आली. अमेरिका मात्र दीर्घकाळ पट्टी आणि सहीवरच राहिली. तेथे या बदलाला खरी गती १ ऑक्टोबर २०१५ च्या नव्या नियमानंतर मिळाली.

१८/ मधल्या काळात गंमतीचा उलटा न्याय झाला. कार्डाच्या जन्मभूमीतील प्रवासी पॅरिसच्या तिकीट यंत्रापुढे हतबल उभे राहत. यंत्राला चिप आणि पिन हवा असे आणि त्यांच्याकडे पट्टी असे. खिडकीवर माणूस असला तर सही चाले. रात्री उशिरा निर्मनुष्य स्थानकावर मात्र चांगली पत असूनही तिकीट मिळत नसे.

१९/ भारतीयांची कथा निराळी; येथे अडसर तंत्राचा कमी आणि कायद्याचा अधिक होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९६० आणि ७० च्या दशकांत परदेशी निघालेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या खिशात अवघे ८ डॉलर असत. महाराष्ट्रातून अमेरिकेला गेलेल्या त्या पिढीतील डॉक्टर आणि अभियंत्यांच्या आठवणींत हे ८ डॉलर आजही भेटतात. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याने नियंत्रण आणखी कडक केले.

२०/ पुढे भारतात कार्डे आली, तेव्हा त्यांतील अनेकांवर ‘केवळ भारत आणि नेपाळमध्ये वैध’ असे छापलेले असे. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने आणि ‘फेमा’ कायद्याने ही कुंपणे सैल झाली. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये व्यक्तीला परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याची मर्यादा २५,००० डॉलर ठेवली होती; ती टप्प्याटप्प्याने वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत गेली.

२१/ तरीही एक कुंपण परत आले, या वेळी ग्राहकाच्या रक्षणासाठी. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड मिळते तेव्हा ते देशांतर्गत वापरापुरतेच चालू असते. परदेशी वापराची मुभा ग्राहकाने स्वतः सुरू करायची असते. ती न करताच विमानात बसलेला प्रवासी परदेशी उतरताच अडतो. ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो आणि ते सिम घरी राहिलेले असते, हा दुसरा घोटाळा.

२२/ हे झाले घरी बसून टाळता येणारे प्रसंग. सगळेच तसे नसतात. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील काम थांबवले. रशियन बँकांची ही कार्डे देशात चालत राहिली. सीमेबाहेर निरुपयोगी ठरली. थायलंडमध्ये सुट्टीवर असलेले रशियन पर्यटक, खात्यात पैसे असूनही, हॉटेलचे बिल देण्याच्या विवंचनेत पडले.

२३/ १९१४ आणि २०२२ यांत १०८ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळा ओळख पक्की होती, कागद अस्सल होता आणि शिल्लकही होती. तुटला तो दोन देशांमधील दुवा, आणि तो तुटण्यात प्रवाशाचा हात नव्हता. सही, चिप, पिन आणि ओटीपी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतात. तिसऱ्याचे उत्तर राज्यकर्ते आणि मोठ्या संस्था यांच्या परस्पर विश्वासावर अवलंबून असते.

२४/ म्हणूनच जुने यात्रेकरू सर्व रक्कम एकाच हुंडीत ठेवत नसत आणि थोडे नाणे कमरेला बांधत. दोन वेगवेगळ्या जाळ्यांची कार्डे, ती निरनिराळ्या जागी, आणि दोन-तीन दिवस पुरेल इतकी स्थानिक रोकड, हे आजचे शहाणपण त्याच अनुभवातून आलेले आहे. कार्ड म्हणजे पैसा नव्हे. दूरच्या कोणीतरी दिलेला शब्द आहे. तो शब्द जिथवर मानला जातो, तिथवरच पैसा पोहोचतो.