रेव्हरंड ना. वा. टिळक: टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तसेवा करणारा पाळक कोण होता?

'फुलांमुलांचे कवी' म्हणून नारायण वामन टिळक शाळेच्या पुस्तकातून अनेकांना माहीत असतात. पण ते ख्रिस्ती पाळक होते आणि ही वाट त्यांना बरीच महाग पडली, हे तितकेसे सांगितले जात नाही.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. 1893 च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायला दिले. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पत्नी लक्ष्मीबाईंना याची पूर्वकल्पना नव्हती. नातेवाइकांनी त्यांना मुलासह टिळकांपासून दूर नेले आणि पुढची काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. परत एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळेओवळे सोडले नव्हते. त्यांचे पाणी आणि स्वयंपाक वेगळाच असे. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. स्वतः विचार करून, जातिभेद मनातून गेल्यावर 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळे त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे, तेही विनोदाची फोडणी देऊन. टिळकांना समजून घ्यायचे तर चरित्रांआधी हे पुस्तक वाचावे.

टिळकांचे काम मुख्यतः अहमदनगर परिसरात, अमेरिकन मराठी मिशनमध्ये चालले. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या काळी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गायली जात. खेडुताला ती परकी वाटणारच! टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही आपली माध्यमे देवळात आणली ('देऊळ' हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक चर्चसाठीही वापरतात). आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. या सेवेतला आनंद त्यांना बहुधा इथेच सर्वांत जास्त सापडला असावा.

अडचण मात्र दोन्ही बाजूंनी होती. जुन्या समाजाने त्यांना बाटगा ठरवले, आणि मिशनमधले परदेशी वर्चस्व व पगारी सेवा त्यांना स्वतःलाच खटकू लागली. 1917 साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा उपक्रम त्यांनी सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, अशी कल्पना होती. चर्चच्या चौकटीत ती सहज बसणारी नव्हती.

प्रयोग रुजायला वेळच मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. येशूच्या जीवनावरचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरेच राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.