घराभोवती अंगण की अंगणाभोवती घर?

वऱ्हाडात घर लहान पडायला लागलं की घरातल्या कर्त्या पुरुषाची पहिली वाईट नजर अंगणावर जाते. मुलाचं लग्न ठरलं? काढा अंगणात एक खोली. स्कूटर घेतली? टाका अंगणात चार पत्रे. जावईबापूंना मागच्या दाराच्या संडासात जायला संकोच वाटतो? चला, तुळशीवृंदावनामागे पाच फूट जागा आहेच! अंगणाची मोठी पंचाईत ही, की ते रिकामं दिसतं. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, म्हणजे तिथे काहीच नाही, असा आपला हिशेब. पापड-कुरडया, तुरीची वाळवणं, धुणं, लेकरांचे विट्टीदांडू, लग्नाचा मांडव आणि शेवटी माणसाला न्यायच्या आधी जिथे ठेवतात ती जागा, एवढं सगळं एका खोलीत बसवून दाखवणारा इंजिनिअर मला तरी अजून भेटायचा आहे.

जागेची टंचाई ही कालपरवाची भानगड आहे, असं मात्र समजू नका. आमच्या अमरावतीत ती १८०७ पासून आहे. त्या सुमारास निजाम सरकारने पेंढाऱ्यांच्या भीतीने गावाभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. (या खिडक्या बाहेर डोकावायच्या नव्हेत, जायच्या-यायच्या. त्यातल्या एकीचं नाव खुनारी खिडकी. ते कशावरून पडलं हे विचारायला त्या काळी रात्री कोणी गेलं नसावं.) परकोटाने पेंढारी बाहेर राहिले हे चांगलंच झालं. पण आतली जमीन आतच राहिली. जमीन कोंडता येते, कुटुंबं कोंडता येत नाहीत. व्यापाऱ्याला चार मुलगे झाले, त्या चौघांना मिळून चौदा झाले, आणि भिंत होती तिथेच!

आता गंमत पाहा. या माणसांना जागेची आपल्यापेक्षा जास्त ओढ होती, तरी त्यांनी मधला चौक गिळला नाही. वाडा बांधायचा तो आधी मधली मोकळी जागा सोडून, आणि खोल्या तिच्या कडेकडेने. ओसरी, माजघर, कोठीची खोली, देवघर. एक बाजू भरली की दुसरी, चारी भरल्या की वर माडी. माडीही भरली की भाऊ भांडत आणि चौक तेवढा सामाईक राही. तेव्हा रेल्वे नव्हती. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. ज्याच्या दारात बैल बसणार आणि कापूस उतरणार, त्याला मोकळ्या जागेची किंमत रुपयांत कळत होती. ही अक्कल काही एकट्या अमरावतीची नव्हे. चार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोचे लोकही घराच्या खोल्या चौकाभोवतीच मांडत होते, आणि तिथला उन्हाळा आपल्या अकोल्याला लाजवणारा आहे.

अकोल्याला लाजवणं तसं सोपं काम नाही. मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांच्या वर गेला तर कोणी मान वर करूनही बघत नाही. अशा हवेत अंगण ही चैन नसून यंत्र आहे. रात्री उघडी जमीन दिवसभराची धग आभाळाकडे सोडून देते, थंड झालेली जड हवा चौकात खाली बसते आणि तिथून खोल्यांत शिरते. सकाळी उन्हं चढायच्या आत दारं लावून घ्यायची. दीड-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि माथ्यावर पांढऱ्या मातीचं धाबं. ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. धाबं पावसाळ्यात गळायचं हे मी कबूल करतो. जुन्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा तरी आषाढात अंथरुणावर पातेलं ठेवून झोपावं.

१८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं आणि परकोटाच्या बाहेर साहेबाचा कॅम्प आला. साहेबाने सगळा उलटा मामला केला. आपलं घर अंगणाभोवती, त्याचं अंगण घराभोवती! मधोमध बंगला, चहूकडे बाग, आणि फाटकापासून दारापर्यंत इतकं अंतर की सावकार पोचेपर्यंत साहेबाला मागच्या दाराने सटकता यावं. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अकोल्यातही तीच वाटणी: मोर्णेच्या पश्चिमेला असदगड आणि जुनं शहर, पूर्वेला ताजनापेठेच्या बाजूला कचेऱ्या नि साहेबांची घरं. वकील, मामलेदार हळूहळू नदी ओलांडू लागले. प्रतिष्ठा अंगणातून उठली आणि बंगल्यात जाऊन बसली.

बंगल्याला माझा विरोध नाही. एकरभर जागा असेल तर जरूर बांधावा. आपण तो दीड हजार फुटांच्या प्लॉटवर बांधला, तिथे घोटाळा झाला. पुढे इतकं सोडा, मागे तितकं, बाजूला एवढं, असे बांधकामाचे नियम आहेत, आणि ते हवा, उजेड, आगीचा धोका यांचा विचार करूनच केलेले आहेत. पण एका अंगणाच्या चार चिंध्या होतात. पुढच्या चिंधीत स्कूटर, मागचीत मोरी, डावीकडे कूलर आणि उजवीकडे शेजाऱ्याशी भांडण. चारी मिळून बेरीज जुन्या चौकाएवढी भरते, पण त्यातल्या एकीतही बाज आडवी बसत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या आत्याबाईंचं घर आहे. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा दोन खोल्या हव्या होत्या. मिस्त्रीने अंगणात चुन्याची रेघ मारली. संध्याकाळी पाहतो तो आत्याबाईंनी नेमक्या रेघेवर बाज टाकलेली.

"आत्याबाई, रिकामी जागा आहे ना!" मिस्त्री.

"रिकामी? मंग मी काय दिसत नाही काय रे बापा? याच अंगणातून ह्यांना नेलं. माहं बी इथूनच न्या, मंग बांधा काय बांधायचं ते."

यावर मिस्त्री तर मिस्त्री, थोरला मुलगाही गप्प झाला. मग वर जायचं ठरलं. पण कच्च्या विटांच्या भिंती स्लॅबचं ओझं घेईनात. भिंतीला धक्का न लावता घराच्या कडेने आरसीसीचे खांब उभारून त्यावर खोल्या घ्यायच्या, जिना बाहेरच्या बोळातून काढायचा, असा नकाशा इंजिनिअरने काढला. खर्च अंगणातल्या खोल्यांच्या दुप्पट! थोरला आठ दिवस जेवताना बोलला नाही. वर एक खांब बरोबर तुळशीवर येत होता. तुळस हलवा म्हणावं तर बाज पुन्हा रेघेवर यायची. शेवटी तुळई लांबवून खांब दोन फूट सरकवला आणि त्या दोन फुटांचे पैसे आत्याबाईंनी पाटली मोडून दिले. मला हा वऱ्हाडातला सगळ्यात महाग तुळशीचा कट्टा वाटतो, आणि एकही रुपया वाया गेला असं वाटत नाही.

लग्न झालं, जोडपं वर राहायला गेलं. पहिल्याच मे महिन्यात स्लॅब असा तापला की रात्री अकरालाही फरशीवर पाय ठेववेना. चौथ्या रात्री नवी सूनबाई उशी काखेत मारून गुपचूप जिना उतरली. आत्याबाई जाग्याच होत्या. त्यांनी आपली बाज तुळशीकडे ओढून घेतली.

"टाक तिथी," त्या म्हणाल्या, "अन् त्याले बी सांग, माठ भरून ठेवला हाय."