भरवशाची गाडी

दिवाळी झाल्यावर माझा भाचा वाईहून आला आणि बसता बसताच म्हणाला, "मामू, पिकअप घ्यायचीय. कुठली घेऊ?"

मी हसलो. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, स्वतःच्या मालकीची म्हणाल तर एक स्कूटर. मी काय सांगणार? तर म्हणाला, "शोरूमवाला त्याची सांगतो, मित्र त्यांची सांगतात. कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही सांगा. तेच शिकवत होता ना?"

भाचा भिलार, पाचगणीकडची स्ट्रॉबेरी वाशीच्या बाजारात पोचवतो. आजवर भाड्याच्या गाडीवर धंदा केला. संध्याकाळी माल भरायचा आणि पहाटे बाजारात उभं राहायचं. वाटेत गाडी चार तास बंद पडली तर तो माल दुपारी निम्म्या भावालाही कुणी घेत नाही. आगाऊ रकमेसाठी माझ्या बहिणीने तिच्या बांगड्या काढून दिल्या होत्या, उरलेलं कर्ज. म्हणजे गाडी चुकली तर हप्तेही अंगावर आणि बांगड्याही गेल्या. मग मी हसणं थांबवलं आणि आम्ही मामा-भाचे आठ दिवस गाड्यांच्या मालकांना भेटत फिरलो. त्या फिरण्यात मला जो इतिहास आठवत गेला, तो इथे लिहितो आहे.

आमच्या घरात गाडीची पहिली आठवण अब्बांच्या तीनचाकी टेम्पोची. सत्तरच्या दशकात ते त्यातून मार्केट यार्डातली केळी आणि मोसंबी दुकानदारांना पोचवायचे. 'टेम्पो' हा शब्द आता इतका आपला झालाय की तो मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव होता हे सांगावं लागतं. व्हिडाल अँड सोन ही ती कंपनी. तिच्या 'हॅन्सीट' या तीनचाकीचं उत्पादन पन्नाशीच्या दशकात भारतात आणण्यामागे अहमदनगरचे नवलमल फिरोदिया होते. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेला हा वकील माणूस. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली, पुढे आकुर्डीला कारखाना आला, मग मॅटाडोर आली. जर्मनीत टेम्पो हे नाव केव्हाच मागे पडलं. आपल्याकडे मात्र आजही कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी दारात उभी राहिली की घरातलं माणूस "टेम्पो आला" असंच ओरडतं.

अब्बांनी टेम्पो घेताना कंपनीचं पत्रक पाहिलं नव्हतं. मुळात त्यांना वाचायला जमत नव्हतं. ते यार्डाच्या फाटकाजवळ चहाच्या टपरीवर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक टेम्पोवाल्याला एकच प्रश्न विचारायचे, "गेल्या महिन्यात किती दिवस घरी बसलास?" गाडी चांगली आहे का, असं ते विचारायचे नाहीत. चांगली या शब्दाचा अर्थ ज्याचा त्याचा वेगळा असतो, पण घरी बसलेले दिवस मोजता येतात.

हा प्रश्न मी भाच्याला पहिल्यांदा दिला.

पिकअपच्या गोष्टीतलं दुसरं पान जीपचं आहे. १९४० मध्ये अमेरिकेच्या लष्कराला पाव टन ओझं नेणारी, चारही चाकांना जोर देणारी हलकी गाडी हवी होती. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी नमुने दिले आणि त्यातून जीप ठरली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. ती इतकी का पसरली याचं कारण तिच्या साधेपणात होतं. चिखलात रुतली तर चार जण ढकलू शकत. बिघडली तर शिपाई रस्त्यावरच हत्यारं काढून बसे. एका जीपचा भाग दुसरीला बसे, मग ती विलीजची असो की फोर्डची.

युद्धाच्या काळात कैलासचंद्र महिंद्र हे भारताच्या खरेदीच्या कामासाठी वॉशिंग्टनला होते. जीपची महती त्यांनी तिथेच पाहिली. १९४५ मध्ये कैलासचंद्र, त्यांचे भाऊ जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद या तिघांनी कंपनी काढली. तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद. सुरुवातीचा धंदा पोलादाचा. गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, रेल्वेच्या हिशोब खात्यात मुरलेले आणि हैदराबाद संस्थानात अर्थखातं सांभाळलेले. फाळणी झाली आणि ते पाकिस्तानला गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. आद्याक्षरं तेवढी तीच राहिली. १९५५ च्या प्रजासत्ताक दिनाला हेच गुलाम मोहम्मद दिल्लीत भारताचे पाहुणे म्हणून आले होते.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं दरवेळी गप्प व्हायची. त्यांच्या गावात वडाप करणारी जीप आणि फाळणी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्यांना वाटलेलं नसे. भागीदारी तुटली, पण गाडी राहिली. जीप माझगावला जोडली जाऊ लागली, हळूहळू तिचे भाग इथेच बनू लागले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार झाला. अमेरिकेचा सांगाडा, फ्रान्सचं इंजिन आणि आपल्या फिटरचे हात, असं करत करत ती सातारा-सांगलीच्या वाड्या-वस्त्यांवर पोचली. तिच्या मागे हौदा लावून कधी शेळ्या, कधी खताची पोती, कधी लग्नाचं वऱ्हाड गेलं. आज ज्याला आपण पिकअप म्हणतो, त्या गाडीचं आजोळ हे आहे.

भाचा म्हणाला, "म्हणजे जुन्या घराण्याची गाडी घ्यायची?"

इतकं सोपं नसतं, हे सांगायला मला ऐंशीच्या दशकात जावं लागलं. त्या वेळी सरकारने छोट्या मालगाड्यांसाठी जपानी कंपन्यांना दार उघडलं. डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा, ऑल्विन निस्सान अशा चार जोड्या आल्या. गाड्या देखण्या, हलक्या, कमी डिझेल पिणाऱ्या. त्यांना उत्तर म्हणून टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ काढली आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ४०७ खेड्यापाड्यांत शिरली. ऑल्विन निस्सान महिंद्रमध्ये विलीन झाली, डीसीएम टोयोटाच्या नावातलं टोयोटा जाऊन तिथे देवू आलं.

आता गंमत पाहा. ज्या टोयोटाचं नाव इथे दहा वर्षांत पुसलं गेलं, तिच्याच पिकअपचं १९८७ मध्ये सहाराच्या वाळवंटात काय झालं? चाड या गरीब देशाच्या सैनिकांनी टोयोटाच्या पिकअपवर मिलान क्षेपणास्त्रं बसवली आणि लिबियाच्या रणगाड्यांना पळवून लावलं. त्या लढाईला जगाने टोयोटा युद्ध असंच नाव दिलं. कंपनी तीच, काळ तोच. वाळवंटात तिच्यावर लोकांनी जीव सोपवला आणि आपल्याकडे तिच्या छोट्या ट्रकचा जम बसेना.

याचं एक कारण टोकियोत होतं. १९८५ नंतर येन महाग होत गेला आणि जपानहून येणाऱ्या भागांच्या किमती चढल्या. दुसरं कारण आपल्या रस्त्यावर होतं. इथे अडीच टनाच्या गाडीत चार टन भरायची रीत. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. ४०७ बिघडली तर तालुक्याच्या गावातला मिस्त्री ती खोलू शकत होता आणि तिचा भाग समोरच्या दुकानात मिळत होता. गाडीचा भरवसा निम्मा कारखान्यात घडतो आणि निम्मा गॅरेजात. हा दुसरा निम्मा पत्रकात छापलेला नसतो. तो मालकांनाच ठाऊक असतो.

म्हणून मालकांना विचारायचं. पण मालकाची साक्ष ही साक्षच असते. ती तपासूनच घ्यावी लागते.

पहिले भेटले ते लोणंदचे एक कांदा वाहणारे. गाडी घेऊन पाच महिने झालेले, नंबरप्लेटवरचा हार अजून सुकलेला नव्हता. त्यांनी गाडीची इतकी स्तुती केली की भाचा तिथेच हरखला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, नव्या राजाची बखर त्याच्याच दरबारात लिहिली तर अशीच असते. ज्याचे सगळे हप्ते फिटलेत आणि गाडी अजून चालते आहे, अशा माणसाकडे चल.

दुसरे असेच भेटले. सात वर्षांची गाडी. पण बोलता बोलता कळलं की त्यांना ती विकायची आहे. त्यांची साक्ष बाजूला ठेवली. तिसरे एक ड्रायव्हर होते, त्यांनी त्याच गाडीला शिव्या घातल्या. खोदून विचारलं तेव्हा समजलं की त्यांचं भांडण मालकाशी होतं, गाडीशी नव्हतं.

मग मिस्त्री. मिस्त्री फार जाणतात, पण त्यांच्या दारात आजारी गाड्याच येतात. एकाने सांगितलं, "अमुक गाडीचं क्लचचं काम माझ्याकडे सारखं येतं." खरंच येत होतं. पण त्या परिसरात दहातल्या आठ गाड्या तीच होती, मग काम तिचंच येणार. किती आल्या यासोबत एकूण किती आहेत हेही विचारावं लागतं, हे भाच्याला मी तिथेच उंबऱ्यावर बसून समजावलं.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र शिकवली ती परत त्या लोणंदच्या कांदेवाल्यांनीच. त्यांनी सांगितलं होतं की गाडीचे पाटे इतके कडक आहेत की पासिंगपेक्षा जास्त भरलं तरी वाकत नाहीत. ते खोटं बोलत नव्हते. पण कांदा जड, स्ट्रॉबेरी हलकी. हौदा भरतो तेव्हाही वजन थोडंच असतं. कडक पाट्यांवर हलका माल आदळत जातो आणि वाशीला पोचेपर्यंत तळच्या पेट्यांतली फळं पाणी सोडतात. एकाच गाडीचा एकच गुण कांद्याला वरदान आणि स्ट्रॉबेरीला शाप.

तीच गोष्ट घाटाची. ज्याला त्याला आम्ही विचारत होतो, "घाटात ओढते का?" एका रात्री भाचा स्वतःच म्हणाला, "मामू, मी भरल्या गाडीने पसरणीचा घाट उतरतो आणि खंडाळ्याचाही उतरतोच. चढताना मी रिकामा असतो. मला ओढणारी नको, थांबणारी हवी." आठ दिवसांत आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो. दुसऱ्या दिवसापासून त्याने ब्रेकबद्दल विचारायला सुरुवात केली, लायनर किती किलोमीटरला बदलले, उतारावर पेडल मऊ पडतं का, आणि उत्तरं एकदम वेगळी यायला लागली. ज्या गाडीची सगळे तारीफ करत होते ती त्याच्या यादीत खाली गेली.

शेवटी त्याने एक गाडी घेतली. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण ते वाचून तुम्हीही तीच घ्याल आणि तुम्ही कदाचित कांदा वाहत असाल. एवढं सांगतो की गाडी नवी नाही, चार वर्षं वापरलेली आहे. वाईला, खेड शिवापूरला आणि पनवेलला रात्री उठून दार उघडणारे तीन मिस्त्री तिला ओळखतात. पहिल्या मालकाने प्रत्येक खर्च तारखेसकट एका वहीत लिहिला होता. दोन वेळा क्लच, एकदा रेडिएटर, आणि कुठल्या दिवशी गाडी उभी होती तेही. भाच्याने इंजिन ऐकण्याआधी ती वही वाचली. मी काही बोललो नाही, पण मला बरं वाटलं.

मार्चमध्ये त्याला भेटायला गेलो तेव्हा गाडी अंगणात धुऊन उभी होती. बहीण म्हणाली, हंगामात दोनच रात्री चुकल्या. बांगड्या अजून परत आलेल्या नाहीत, पण हप्ते वेळेवर जातात. मी बसलो असतानाच भाच्याला कुणाचा तरी फोन आला. पलीकडचा माणूस तीच गाडी घ्यायच्या विचारात होता आणि कशी आहे विचारत होता.

भाचा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "दादा, आधी सांगा, तुम्ही वाहता काय?"