जव्हार-मोखाड्यातील कुपोषण आणि मोजमापातील भ्रम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकीय आज्ञावलीतील दोष शोधणाऱ्या डीबगरकडील माहिती जुन्या आवृत्तीची असेल, तर तो चुकीची ओळ व चुकीचे मूल्य दाखवितो. अशा वेळी प्रथम साधनच तपासावे लागते. जव्हार-मोखाडा परिसरातील कुपोषणाच्या इतिहासातही हेच सूत्र आढळते.

तत्कालीन ठाणे (२०१४ पासून पालघर) जिल्ह्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे १९९२ साली हा प्रश्न राज्यापुढे आला. त्या काळी अंगणवाडीत वयानुसार वजन पाहून बालकाची श्रेणी ठरविली जाई. या एकाच आकड्याला मर्यादा होत्या. खुजे बालक व नुकतेच रोडावलेले बालक एकाच श्रेणीत येऊ शकत असे; अंगावर सूज असलेल्या बालकाचे वजन तर प्रत्यक्षाहून अधिक भरे.

२००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी वाढमानके प्रसिद्ध केली. भारताने ती २००८ मध्ये अंगणवाड्यांसाठी स्वीकारली. श्रेणीनिहाय आकडे बदलले, बालके मात्र तीच होती. म्हणून या दोन कालखंडांची थेट तुलना दिशाभूल करणारी ठरते. उंचीनुसार वजन, दंडघेर (११५ मि.मी. पेक्षा कमी) आणि सूज या तिन्ही बाबी तपासल्या, तरच तीव्र कुपोषित बालक नजरेतून निसटण्याचा धोका कमी होतो.

सारांश, नोंदवहीतील आकडा हे निदान नसून पडताळणीचा आरंभ होय.