पटावर चारच सोंगट्या, तरी उत्तर सापडेना! एंडगेमची कोडी सोडवायची कशी?

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमी शहरात बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची फायनल सुरू होती. एका बाजूला नागपूरची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला कोनेरू हम्पी. मोठे दोन्ही डाव बरोबरीत, पहिला रॅपिड डावही बरोबरीत. दुसऱ्या रॅपिड डावात सोंगट्या कमी उरल्या, हम्पीकडे वेळ कमी होता आणि तिच्याकडून चूक झाली. १९ वर्षांची दिव्या विश्वचषक जिंकली, सोबत ग्रँडमास्टरही झाली. आणि जिंकल्यावर काय म्हणाली? आपल्याला एंडगेम शिकायला हवा.

एंडगेम म्हणजे काय?

बहुतेक सोंगट्या मारल्या गेल्यावर उरतो तो डावाचा शेवटचा टप्पा. आतापर्यंत लपून बसलेला राजा इथे स्वतः लढायला निघतो आणि एका प्याद्याचा वजीर होणार की नाही, यावर निकाल लागतो. चूक झाली तर ती भरून काढायला सोंगट्याच उरलेल्या नसतात.

एक गाजलेलं कोडं

रिचर्ड रेटी या खेळाडूने १९२१ मध्ये हे कोडं मांडलं. घरात पट असेल तर मांडून बघा.

पांढरा : राजा एच८, प्यादं सी६.
काळा : राजा ए६, प्यादं एच५.
खेळी पांढऱ्याची. डाव बरोबरीत सोडवायचा.

पहिल्या नजरेत हे अशक्य वाटतं. काळं प्यादं पुढे पळतंय आणि पांढरा राजा दोन खेळ्या मागे आहे. पांढऱ्याने स्वतःचं प्यादं सी७ वर ढकललं, तर काळा राजा बी७ वर येऊन त्याला धरतो.

उत्तर आहे राजाच्या तिरक्या चालीत. राजा जी७, काळं प्यादं एच४. राजा एफ६. आता काळ्याने एच३ खेळलं, तर पांढरा राजा ई७ वरून डी७ गाठतो, आपलं प्यादं सांभाळतो आणि दोघांचेही वजीर होतात. त्याऐवजी काळा राजा बी६ वर आला, तर पांढरा ई५ वर जातो. काळ्याने सी६ चं प्यादं मारलं, की राजा एफ४ वर येऊन एच स्तंभातलं प्यादं पकडतो. नाही मारलं, तर डी६ वर जाऊन स्वतःचं प्यादं पुढे नेतो. दोन्हीकडे बरोबरीच!

राजा तिरका चालला तरी त्याला खेळ्या जास्त लागत नाहीत. त्यामुळे एकाच वाटेने दोन कामं झाली.

सोडवताना हे करा

१. आधी बघा, जिंकायचंय की बरोबरी करायचीय.
२. प्याद्याला किती खेळ्या लागतील आणि राजाला किती, हे चक्क बोटांवर मोजा.
३. समोरच्याची सगळ्यात चांगली खेळी शोधा. तो चुकेल, असं धरू नका.
४. एका वेळी दोन कामं करणारी खेळी शोधा.
५. कॉम्प्युटर शेवटी उघडा. राजे धरून ७ सोंगट्यांपर्यंतचे शेवट त्याने सोडवून ठेवलेत. उत्तर आधीच पाहिलं, तर मोजायची सवय लागत नाही.

चिनी बुद्धिबळात मात्र जपून

शियांगची या चिनी बुद्धिबळातही अशी कोडी असतात, पण नियम वेगळे आहेत. तिथे प्याद्याचा वजीर होत नाही. राजा आपल्या नऊ जागांच्या महालाबाहेर पडू शकत नाही. आणि खेळायला खेळीच उरली नाही, तर आपल्याकडे शह नसताना डाव बरोबरीत सुटतो. तिथे तो खेळाडू हरतो. म्हणून आधी नियम बघा, मग मोजा.

अहिल्यानगर जिल्ह्याने शार्दूल गागरेसारखा ग्रँडमास्टर दिलाय. सुरुवात करायला मोठा क्लासच हवा असं नाही. एक पट, चार सोंगट्या आणि उत्तर न बघण्याचा थोडा धीर पुरे.